रविवारचं धुणं

मुजावर मिस्त्रींनी पाइप सोडवला, गाळणी झटकली, दार दोनदा आपटून पाहिलं. वॉशिंग मशीन ढिम्म. मग त्यांनी आतला एकुलता एक खाकी गणवेश काढून आपला घामट रुमाल टाकला, तर मशीन लगेच पाणी घेऊ लागलं.

“मशीन ठणठणीत आहे, मावशी. दुष्काळानंतरची ही मशीनं आधी कपडे हुंगतात. मळ नसला तर थेंबभर पाणी घेत नाहीत. हा शेवटचा कधी घातला होता?”

इंदुताईंनी गणवेश त्यांच्या हातातून घेतला. बसमधले कंडक्टर बंद होऊन, त्यांची नोकरी जाऊन सात महिने झाले होते. तरी दर रविवारी त्या गणवेश धुवायच्या, इस्त्री करून खुंटीला लावायच्या. आजवर घरच्या नळाखाली हाताने धुताना कुणी विचारलं नव्हतं. नव्या मशीनने पहिल्याच दिवशी पकडलं.

“थोडी माती चोळू का? चालेल त्याला,” मिस्त्री हळूच म्हणाले.

“नको. खोटं नको.”

सोमवारी त्या गणवेश घालून स्टँडवर गेल्या. चालक नसलेल्या बसच्या मिटत्या दारात एक म्हातारी पाटी घेऊन अडकली होती. इंदुताईंनी खांद्याने दार रोखलं, म्हातारीला वर घेतलं आणि सवयीने ओरडल्या, “पुढे सरका, पुढे!” लोक निमूट सरकले. इंदुताई दिवसभर त्याच बसमधून फिरत राहिल्या.

संध्याकाळी घामाने चिंब गणवेश त्यांनी मशीनमध्ये टाकला. मशीनने हुंगून हिरवा दिवा लावला. पाणी यायच्या आत इंदुताईंनी ते बंद केलं आणि गणवेश काढून वाऱ्यावर टाकला.

उद्या ड्युटी होती. रविवार अजून सहा दिवस लांब होता.