अ‍ॅपच्या पोटातली अक्षरं

"ही बघ तुझी सुंदर अक्षरं," म्हणत शंकासुरानं जुना टॅब्लेट तिच्या टेबलावर ठेवला. पडद्यावर गोष्टीच्या नावापासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसते रिकामे चौकोन होते.

शंकासुर म्हणजे त्यांच्या ऑफिसातला तपासनीस. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचाच पगार घेत असल्यामुळे त्याला हे नाव पडलं होतं, आणि त्याला ते मनापासून आवडायचं.

"माझ्याकडे तर झकास दिसतंय," ती म्हणाली.

"दिसणारच. फॉन्ट तू तुझ्या कॉम्प्युटरवर बसवलायस. अ‍ॅपबरोबर पाठवलायस कुठे? या बिचाऱ्याकडे आपली अक्षरंच नाहीत. मग तो चौकोन काढत बसतो."

आपल्या घरात दिवा लागला म्हणजे गावात वीज आली, असं समजण्यातलीच ही चूक. गोष्टींचं हे अ‍ॅप फोनवर, टॅब्लेटवर, कॉम्प्युटरवर सारखंच देखणं दिसावं म्हणून तिनं जिवाचं रान केलं होतं, आणि फॉन्ट आत घालायचाच राहिला होता. पण तिला घाम फुटला तो दुसऱ्याच कारणानं. अगदी असाच टॅब्लेट तिनं बाबांना दिला होता. गेले कित्येक आठवडे बाबा त्यावर गोष्टी वाचत होते आणि फोनवर अक्षरांचं कौतुक करत होते.

"म्हणजे बाबांनी चौकोनांचं कौतुक केलं?" तिनं हे सांगितल्यावर शंकासुर हसला आणि तिचा चेहरा बघून लगेच ओशाळला.

बाबा निवृत्त मुद्रितशोधक. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा हातात पेन्सिल घेऊन वाचणारे. अशा माणसानं पोरीचं मन मोडू नये म्हणून चौकोन गोड मानून घेतले होते. तिला भरून आलं.

आणि नेमकं आजच तिला साहेबांना उत्तर द्यायचं होतं. परदेशातल्या ऑफिसात काही वर्षांची नेमणूक मिळत होती. आई गेल्यापासून बाबा एकटेच राहत. ते आपलं आपण सगळं करतात, वाचनात रमतात, या एकाच भरवशावर ती जायचं म्हणत होती; बाबांच्या कानावरही तिनं ते घातलं होतं.

फॉन्ट आत घालायचं ठरल्यावर साहेबांनी कुरकुर केली. "अ‍ॅप लठ्ठ होईल."

"होऊ दे. वाचता तरी येईल," ती म्हणाली आणि काम उरकून दुपारी बाबांकडे गेली.

घरात रेडिओ चालू होता. टेबलावर नेहमीचं वर्तमानपत्र नव्हतं.

"बंद केलं," बाबा म्हणाले. "त्यातल्या चुकांनी डोकं फिरतं माझं."

हे खास बाबांचं उत्तर. तिला हसू आलं. टॅब्लेट मांडीवर घेऊन ती समोरच्या खुर्चीत बसली.

"बाबा, खरं सांगा. यावर तुम्हाला नुसते चौकोन दिसत होते ना?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "तुला कसं कळलं?"

"मग बोलला का नाहीत?"

"एवढं कष्टानं केलंस. कशाला उगाच हिरमोड करायचा?"

तिनं नवं अ‍ॅप चढवायला लावलं. टॅब्लेट तसा गोगलगायीच्या जातीचा. "चक्र थांबलं की गोष्ट उघडेल," असं सांगून तिनं तो बाबांच्या हातात दिला आणि ती चहा टाकायला आत गेली.

"उघडलं का हो?" तिनं आतूनच विचारलं.

"उघडलं गं! आता कसं स्वच्छ दिसतंय. जोडाक्षरंही नीट जुळलीत. नाव ठेवायला जागा नाही."

चहा घेऊन ती बाहेर आली, तेव्हा बाबा चष्मा सावरून पडद्यावर बोट फिरवत पानं उलटत होते. टॅब्लेट कधी जवळ धरत होते, कधी लांब. चेहऱ्यावर जुनं समाधान होतं. कप त्यांच्या हातात देऊन ती समोर बसली. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं फोन काढला आणि साहेबांना कळवून टाकलं की ती जायला तयार आहे.

बाबांनी चहा संपवून पुन्हा वाचायला घेतलं. आपली अक्षरं या जुन्या पडद्यावर कशी उमटलीत, हे बघायची तिला फार उत्सुकता होती. रेडिओवर गाणं रंगात आलं होतं. ती अनवाणीच उठली आणि बाबांच्या मागे जाऊन त्यांच्या खांद्यावरून डोकावली.

पडद्यावर गोष्ट नव्हती. मोठ्या लाल पट्टीत इंग्रजीत एकच सूचना होती: जागा अपुरी आहे, अ‍ॅप बसवता आलं नाही.

त्या पट्टीवरून बाबांनी सावकाश आणखी एक पान उलटलं. मग मान वर करून ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हसले आणि म्हणाले, "तू आता निर्धास्त जा."