पाय गार पडू देऊ नका

"थांबू नका गं! पाय गार पडले की उडी गेली," कोळंबे सर कुजबुजले. लांब उडीच्या आम्ही चौघी वॉर्मअप करून तयार होतो, पण प्रमुख पाहुण्यांचं भाषण काही संपेना. मग आम्ही पहिल्याच रांगेत एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत राहिलो.

पाहुणे आमच्याकडे बघून अडखळले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग भाषणाचे उरलेले कागद खिशात कोंबून त्यांनी घाईघाईने नारळ फोडला.

बाकीच्या शाळांच्या मुली आखडलेल्या पायांनीच धावल्या. आमची शलाका थेट वाळूच्या पार टोकाला जाऊन पडली.

तिच्या गळ्यात पदक घालताना पाहुणे गहिवरले. "अशा अवस्थेत एवढी उडी!" ते हळूच म्हणाले. "आता पळ, बाळा. बाथरूम मंडपाच्या मागे आहे."