मनिषाची किरणं

थायरॉईडच्या आजारासाठी मनिषाला शहरातल्या दवाखान्यात किरणोत्सर्गी गोळी दिली. डॉक्टरांनी बजावलं, "आठवडाभर कुणाजवळ बसायचं नाही, लेकरं जवळ घ्यायची नाहीत. तुमच्या अंगातून किरणं निघतात, ती दुसऱ्याला बाधतात."

गावी, चकलांब्याला, येताच नवऱ्यानं, अजिनाथनं, धास्तीनं तिची बाज शेतातल्या आखाड्यावर, झोपडीत, नेऊन टाकली. तो रोज बांधावर डबा ठेवायचा आणि लांबूनच ओरडायचा, "लई तरास न्हाई ना गं?" लग्न झाल्यापासून मनिषाला पहिल्यांदाच आयतं जेवण मिळत होतं. दुपारभर ती लिंबाखाली झोपायची, नाहीतर मोबाईलवर मालिका बघायची. घरी मात्र सासूबाई, भिवराबाई, भाकरी थापून, धुणं धुऊन आणि म्हशींचं शेण काढून टेकीला आल्या होत्या.

आठवडा सरला. न्यायला आलेल्या अजिनाथला मनिषा बाजेवरूनच म्हणाली, "अवो, जवळ येऊ नका. अजून हायत थोडी. मला आतून कळतंय."

तो आल्या पावली घराकडं पळाला.

दुसऱ्या दिवशी बांधावरून स्वतः भिवराबाई तरातरा येताना दिसल्या. आता आपली चोरी पकडली जाणार, म्हणून मनिषानं मोबाईल उशाखाली सरकवला.

"आत्याबाई, तिथंच थांबा! किरणं लागतील!"

 

"लागली की गं मला बी," म्हणत भिवराबाईंनी काखेतली वळकटी तिच्या शेजारी पसरली आणि ऐसपैस आडव्या झाल्या. "आता भाकरी अजिनाथ थापतोय."