दीड किलोची लेक

"आज दीड किलो भरली. उद्यापासून छातीशी घेऊन पाजा," सिस्टर म्हणाल्या. काचेच्या पेटीत लेक जोमाने पाय झाडत होती.

प्रणिताला आनंदाने रडू फुटलं. तिच्या नवऱ्याने, सुधीरने पेढे आणले होते. तिला भरवायला त्याने हात उचलला आणि ती दोन्ही हात पोटावर आवळून भिंतीला चिकटली. पोट आता रिकामं होतं. फोन उचलायला उशीर झाला म्हणून सातव्या महिन्यात ह्याच माणसाने तिला फरशीवर आपटून, रक्त वाहेपर्यंत पोटात लाथा घातल्या होत्या.

सुधीरने तिचा दंड पिरगळला. "नाटकं नकोत," तो कानाशी पुटपुटला.

"सिस्टर," प्रणिता मोठ्याने म्हणाली, "लेकीला ह्याच्या हातात देऊ नका. पोलिसांना बोलवा. पोटात असतानाच मारलंय ह्याने हिला."