शोधलेले शब्द

सासरे वारल्यावर सासूबाईंनी कॅथलिक श्रद्धेचा ऑनलाइन कोर्स लावून घेतला होता. एका सकाळी बायबलच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांना धडा उघडून देताना सुनेला आधी शोधलेल्या शब्दांची यादी दिसली. 'आत्महत्या' हा शब्द नऊ वेळा शोधलेला होता. त्याखाली होतं, 'देव क्षमा करतो का'.

तीन दिवस तिने सासूबाईंना नजरेआड होऊ दिलं नाही. बाजारात सोबत, गच्चीवर सोबत. झोपायलाही त्यांच्याच खोलीत अंथरूण टाकलं. चौथ्या दिवशी मात्र तिला राहवेना.

"आई, माझ्यापासून लपवू नका. असले शब्द का शोधता?"

सासूबाईंनी चष्मा सावरून यादी वाचली आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या.

"मी नाही गं. मला कुठे टाइप करता येतं? माझा वर्ग संपला की तुझा नवराच बसून राहतो इथे."

तिने नवऱ्याला ऑफिसात फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर त्याने उचलला.

"मी तिकडे येतेय," ती म्हणाली. "मी पोचेपर्यंत फोन ठेवू नकोस."

तो म्हणाला, "लवकर ये."