गाडी मागे घेताना

"अरे, डावीकडे घे! झाडाला लागेल!"

"नीट सांग ना! किंचाळतेस काय?"

मराठी मंडळाची सहल समुद्रकाठच्या जुन्या किल्ल्यापाशी आली होती. आत राहायची सोय असलेली भाड्याची आरव्ही गाडी ठरलेल्या जागेत मागे घेणाऱ्या नवऱ्याला मृदुला मागून हातवारे करत होती. गाडी पुन्हा तिरकी गेली. तोफेपाशी उभी मंडळी हसू दाबत होती.

एवढ्यात शेजारी त्यांच्या दुप्पट लांबीची गाडी आली. तिच्यामागे उभ्या बाईने नुसता तळहात दाखवला आणि तिच्या नवऱ्याने एका दमात गाडी आत घेतली. मृदुलाचा अगदी जळफळाट झाला. "नशीब एकेकीचं!" ती नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

संध्याकाळी नळावर ती बाई भेटली. मृदुलाला राहवलं नाही. "एक शब्द न बोलता कसं हो जमतं तुम्हा दोघांना?"

बाईने आधी बाटली भरून घेतली. "लेक शिकायला गेल्यापासून आम्ही बोलतच नाही. खाणाखुणांवर भागतं."

मृदुला गाडीत परतली तर नवरा कपाटं उचकत होता. "मीठ कुठे ठेवलंस? एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!"

तिने शेजारच्या बाजूची खिडकी हलकेच लावून घेतली. मग खच्चून ओरडली, "डोळ्यांसमोर तर आहे!"