हिच्या पानातली भाजी

"बाबा, आईच्या पानात कुठली भाजी वाढायची?" बायकोच्या वर्षश्राद्धाला सुनेने विचारलं. गेलेल्या माणसाच्या आवडीची एक तरी भाजी फोटोपुढच्या पानात लागते.

"बटाट्याची," मुलगा म्हणाला. ती त्याची आवड. "भरली वांगी," मी म्हणालो. ती माझी. चाळीस वर्षं हिने माझ्यासाठी तिखट कमी केलं, मुलासाठी कांदा वगळला. हिला स्वतःला काय आवडायचं, ते आम्हाला सांगता येईना.

शेवटी मेहुणीला फोन केला. "अहो भाऊजी, ताईला कारलं! तेही कडूच. आईने मीठ लावून पिळलं, की भांडायची."

आमच्या घरात कारलं कधी शिजलंच नव्हतं. मी स्वतः जाऊन आणलं, चिरलं आणि न पिळता फोडणीला टाकलं. आज तरी हिच्या मनासारखं होऊ दे, म्हटलं.

"बाबा, हे पान नंतर तुम्हालाच जेवायचंय," सून म्हणाली. "प्रसाद असतो, टाकायचा नाही."

मी कढईकडे बघत राहिलो.

"मग थोडा गूळ घाल," म्हणालो. "तिला चालेल."